वरची दाढ

आईची वरची दाढ सहा महिने दुखत होती आणि तेवढ्या वेळात गावातल्या झाडून सगळ्यांनी तिच्यावर इलाज करून पाहिले होते. शेजारणीनं लवंग दिली, चुलत्यांनी तंबाखूची चिमूट, आणि मेडिकलवाल्यानं ती गुलाबी गोळी, जी त्याच्याकडे कंबरदुखीलाही मिळते. दातांचा डॉक्टर तेवढा कुणाला आठवला नाही. आठवणार तरी कसा? तो जालन्याहून आमच्या तीर्थपुरीला फक्त बाजाराच्या दिवशी यायचा, खताच्या दुकानावरच्या खोलीत बसायचा आणि चारच्या बसनं परत जायचा. म्हणजे दाढेनं दुखायचं तर बाजार बघून, चारच्या आत दुखावं.

मी जालन्यात शाळेवर शिकवते. सुट्टीत गावी गेले तर आई भाकरी कालवणात भिजवून एकाच गालानं चघळत होती. निम्मी झाली होती. माझा जीव तुटला. पण आमच्या घरात जीव तुटला की आवाज चढतो. "उद्या बाजार आहे. दाढ काढून टाकायची," मी फर्मान सोडलं.

"वरची हाय ती," आई म्हणाली. "वरची दाढ काढली की नजर जाती."

मग मी शिकवायलाच बसले. कागदावर जबडा काढला, डोळा काढला, मधे रेघ मारली आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे सिद्ध केलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दाढ ठणकली की त्याच बाजूच्या डोळ्याला पाणी का येतंय?" सातवीच्या वर्गानंही मला कधी असं अडवलं नव्हतं.

शेवटी तिनं अट घातली. आधी डोळे तपासायचे, ते शाबूत आहेत असं डॉक्टरनं सांगायचं, मगच दाढेचं बघायचं. नंतर काही झालं तर कुणाला धरायचं ते बराबर कळेल, हा तिचा हिशोब. मी खुशीत तिला जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करावं लागेल. पण मावशी, गाल सुजलाय तुमचा. आधी ती दाढ काढून या."

झालं! आईला दाढेच्या आधी डोळा हवा, डॉक्टरांना डोळ्याच्या आधी दाढ. मी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत बसले.

बाहेर येऊन आई बाकावर बसली. मग तिनं कबूल केलं की त्या डोळ्यानं वर्षभर धूसरच दिसत होतं. "दाढ तोंडातच हाय, तरी डोळा जाऊनच राह्यला," ती म्हणाली. "मंग हिला कशाला सांभाळून राह्यले मी?"

माझ्या चित्राला जे जमलं नाही ते तिचं तिनंच जमवलं. त्याच दुपारी जालन्यात दाढ काढली. खुर्चीत तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि डोळे टक्क उघडे ठेवले होते, नजर जाताना कळावं म्हणून.

पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आधी तिनं माझ्या पिकल्या केसांवरून मला चार शब्द सुनावले. परतीच्या बसमध्ये हट्टानं खिडकीशी बसली. वाटेत कुणाच्या शेतात किती बोंडं फुटली ते मला दाखवत होती. अंबडच्या पुढे मात्र तिनं खिडकीकडची मान माझ्याकडे वळवली.

"माझ्या मायची दाढ काढल्ती," ती म्हणाली. "त्याच साली तिची नजर गेली. आमी समदे म्हणलो, दाढेनंच गेली. मंग कुठं दाखवलं बी न्हाई. मरेपर्यंत भिंतीला धरून चालली ती."

आजी माझ्या जन्माआधीच गेलेली. तिला दिसत नव्हतं एवढं ऐकून होते. कशानं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आईच्या भीतीवर इतके दिवस हसले याची मला फार लाज वाटली.

"तिलाबी दिसलं असतं का गं?"

"त्या काळी कुठं होते असे डॉक्टर," मी म्हणाले.

"होता. जालन्याला होता," आई म्हणाली. "आमी गेलोच न्हाई."