पोस्टमनकाकांची साक्ष

निवृत्त झाले तरी संग्रामपुरात आम्ही त्यांना पोस्टमनकाकाच म्हणतो. चालता चालता अजूनही ते प्रत्येक दारापाशी थबकतात. हाक मारतात तीही वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

पुरात नदीकाठच्या आम्हा भाडेकरूंच्या खोल्या पडल्या. नव्या घरांच्या यादीत मात्र फक्त घरमालकांची नावं आली. आम्ही तिथं राहत होतो हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे उरला नव्हता.

तहसीलातल्या बैठकीत काका उठले. "साहेब, भिंत मालकाची पडली, पण उघड्यावर कोन आलं? मंग भाडेकरूले घर काऊन नाही?"

"पुरावा लागतो," साहेब म्हणाले.

काकांनी डोळे मिटले आणि पहिल्या दारापासून सुरुवात केली. कोणत्या खोलीत कोण राही, कुणाला लेकीचं पत्र येई, सगळं सांगितलं. माझं नाव आलं तेव्हा मला रडू आवरेना.

"हे लिहून द्याल?" साहेबांनी विचारलं.

"देतो ना. पन यादीत भाडेकरूचा रकाना पाहिजे. तो होयेपर्यंत मी दर सोमवारी इथं येऊन राह्यलो समजा."

ते खरंच दर सोमवारी जात राहिले. शेवटी रकाना आला आणि आम्हाला घरंही मिळाली.

नव्या घरात पेढा देताना मी विचारलं, "काका, आमच्यासाठी तुम्ही इतकं काऊन केलं?"

"अवो बाई, मी बी भाड्यानंच राह्यतो ना," ते म्हणाले.

त्यांची खोली पुरात पडली नव्हती. म्हणून यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि ते कुठं राहतात हे आम्ही कुणी कधी विचारलंही नव्हतं.