सबनीस काकांनी घातलेलं पाणी

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही, ज्याच्याबरोबर रोज चहा पितो त्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

भीती वाटते. आधी तेच सांगून टाकतो. वारज्याहून फोन येतो. सबनीस हे नाव दिसतं आणि वाटतं — कळलं. तीन वर्षं झाली, दर वेळी वाटतं, आज कळलं. निघतं ते कामच. कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज येतोय, कधी येता? मी जातो. न जाऊन कसं चालेल? न गेलो तर कोणी विचारेल, का येत नाही.

विश्रांतवाडीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. वाशिमहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात फरशी पुसायचो, आता गेमिंगची महागडी मशीनं जोडून देतो. डिप्लोमा अर्धवट राहिला. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. डोकं चटकन तापतं, हेही लोक सांगतात.

रोहन सबनीसला पाण्यावर थंड होणारा कॉम्प्युटर हवा होता. म्हणजे असं — पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यांमधून उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये निवतं आणि परत फिरतं. नळीचं प्रत्येक वळण आधी कागदावर आखावं लागतं. मी तीन रविवार बसून आखलं. तो कागद रोहनच्या वडिलांनी हातात घेतला. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासलेली.

"आपलं शिक्षण?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "हं," म्हणाले. मग मी आपण होऊन भाव थोडा खाली आणला, तर म्हणाले, "भाव कमी केलात, म्हणजे मालातही कुठंतरी काहीतरी कमी केलं असणार. बघा बुवा."

रोहन हसला. मी नाही हसलो. ते वाक्य मी घरी घेऊन गेलो आणि आठवडाभर चघळत बसलो. कोणाच्या ओळखीशिवाय उभा राहिलेला माणूस मी — आणि यांनी मला दारातच तोलावं?

आता रेडिएटर. तो मी स्वारगेटजवळच्या एका व्यापाऱ्याशी दोन तास हुज्जत घालून निम्म्या भावात आणला. अस्सल तांबं, तो म्हणाला. दुकानात येऊन खोकं उघडलं, उचलला — हलका लागला. किल्लीने एका कोपऱ्यात काळा रंग खरवडला. खाली लालसर दिसायला हवं होतं. पांढरं दिसलं. ॲल्युमिनियम.

तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवायचं नाही, हे या धंद्यातला नवखाही जाणतो. ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं आणि त्याचा पांढरा गाळ सगळीकडे बसतो. परत करता आला नसता का? आला असता. पण मग मी फसलो, हे त्या व्यापाऱ्यापुढे बोलावं लागलं असतं. आणि काकांचं ते वाक्य — ते खरं ठरलं असतं. मी खरवडलेल्या जागी काळा मार्कर फिरवला आणि रेडिएटर बसवला.

पण एवढंच असतं तर मी केव्हाच बोलून मोकळा झालो असतो.

सात-आठ महिन्यांनी रोहन कामासाठी बेंगळुरूला गेला. मशीनमधल्या पाण्याच्या टाकीतली पातळी उतरलेली काकांना दिसली. मी दिलेला सूचनांचा कागद वाचून त्यांनी वरून पाणी घातलं. रोहन महिनाभराने आला, मशीन सुरू केलं, पाच मिनिटांत तापून बंद. मी गेलो. नळ्यांमध्ये पांढरट साय. बघताक्षणी कळलं, हे कोणाचं पाप आहे. रोहन विचारत होता, कशामुळे झालं? काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "अहो, हा गेल्यावर मी थोडं पाणी घातलं होतं. डिस्टिल्ड. लेबल वाचून."

आणि मी — किती सोपं गेलं ते — म्हणालो, "काका, नीट आठवा. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं असेल."

"छे. बाटलीतलं."

"हे क्षार आहेत, काका. डिस्टिल्डमध्ये क्षार नसतात."

काका वळले. "थांबा, बाटलीच दाखवतो," म्हणून बाल्कनीत गेले. रोहन त्यांच्या मागे गेला.

बाटली बाल्कनीत नव्हती. ती तिथेच, रोहनच्या टेबलाखाली, भिंतीला लागून होती. सील तोडलेलं, पाणी चार बोटं कमी, आणि लेबलवर काकांच्या बारीक अक्षरात ती उघडल्याची तारीख. मी खाली वाकलेला होतो, म्हणून मला दिसली. मी ती उचलली आणि माझ्या बॅगेत टाकली. चेन लावली.

हेच ते. इथपर्यंत यायला मला एवढा वेळ लागला.

ते अर्धा तास शोधत होते. बाल्कनी, मोरी, देव्हाऱ्याखालचं कपाट. मी सोफ्यावर बसून त्यांच्या घरचा चहा प्यायलो. शेवटी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घातलं असेल बुवा फिल्टरचं." रोहन मला हळूच म्हणाला, "बाबांचं वय झालंय, दादा." मी मान हलवली. नंतर खरोखरच तांब्याचा रेडिएटर बसवला, जुना घेऊन गेलो, पैसेही घेतले.

पुढचं मी वर्षातून दोन-तीनदा जाऊन बघतो. आधी रोहनने त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. मग एकटे असताना गॅस पेटवायचा नाही, असं ठरलं. फ्रीजवर रोहनच्या हातच्या चिठ्ठ्या आल्या — गोळी घेतली का, नळ बंद केला का. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्यांचा जन्म गेला, ते आता लाइटचं बटणही विचारून दाबतात. वयच तसं, एरवीही विसरायला लागलेच असते — नाही. हे मी लिहिणार नव्हतो.

त्यांनी मला पुन्हा एकदाही टोमणा मारलेला नाही. मला तेच हवं होतं ना?

गेल्या महिन्यात गेलो, तर काकांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. मला ओळखलं, नावाने हाक मारली, मग म्हणाले, "एक मिनिट हं. आज तुम्हाला बोलावलंय असं वाटतंय, तरी रोहनला विचारतो." सकाळी त्यांनीच फोन करून मला बोलावलं होतं. तुम्हीच तर बोलावलंत, काका — एवढं म्हणायला काय लागतं? पण वाटलं, एक नीट आठवतंय असं त्यांना कळलं, तर ते त्या बाटलीचंही आठवायला बसतील. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि त्यांना विचारू दिलं.