नवमीची पूजा आणि मेन स्विच

विद्यापीठानं विद्यार्थी-प्राध्यापक सगळ्यांसाठी मिळून एक मोठं संगणकयंत्र घेतलं, तेव्हा मी अकोल्याहून मुद्दाम अमरावतीला उद्घाटनाला गेले होते. "आता पैशावाचून कोणाचं संशोधन अडणार नाही," असं संगणक विभागाचे साहेब भाषणात म्हणाले. खरंच, पैशावाचून नाही अडलं. माझं अडलं एका बटणापायी.

वरूडच्या संत्र्यांवरचा रोग यंत्रानं फोटोवरून ओळखायचा, हा माझा पीएचडीचा विषय. शेवटचं गणित सलग तीस तास चालायला हवं होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात! आणि यंत्राच्या खोलीचे शिपाई काका रोज संध्याकाळी सहाला मेन स्विच पाडून कुलूप लावायचे.

"काका, बंद काहून करता?"

"सायबाचा हुकूम हाय म्याडम. सगळ्याइचं यंत्र हाय, जपून वापरा लागते. रातभर चालून जळलं तं?"

साहेबांना अर्ज दिला. तो समितीकडे गेला. समितीची बैठक दिवाळीनंतर! अर्धवट काम साठवायला यंत्रात जागा मागितली, तर तोही अर्ज त्याच समितीकडे. डोकं असं सणकलं की काय सांगू. यंत्र रोज सकाळी पहिलीपासून शिकायचं आणि संध्याकाळी सगळं विसरायचं.

खंडेनवमीला सकाळी काम सुरू करून बसले होते. काका पूजेचं ताट घेऊन आले. आमच्याकडे नवमीला नांगरापासून गिरणीपर्यंत सगळ्याची पूजा होते, आणि पूजा झाली की दसरा सरेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.

"बंद करा म्याडम. चालू यंत्राची पूजा नाई होत."

"काका, सोमवारी माझं सगळं संपतं हो," म्हटलं, आणि चक्क रडले.

 काकांनी कुंकवाचं बोट आधी चालू मेन स्विचलाच टेकवलं, वर झेंडूचं फूल खोचलं.

"झाली पूजा. आता याले हात लावला तं पाप लागते."

सहाला साहेबांचा फोन आला, स्विच पाडला का म्हणून. काका म्हणाले, "पूजा झाली सायेब. तुमीच येऊन बंद करा." साहेब काही आले नाहीत. पाप कोण अंगावर घेईल?

ज्या दोन दिवसांत यंत्रानं काम करायचं नसतं, तेवढ्याच दोन दिवसांत माझं काम झालं. सोमवारी प्रबंध दिला.

दिवाळीनंतर समिती बसली आणि परिपत्रक निघालं: पूजेपूर्वी मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी. ते दारावर चिकटवून काकांनी मला फोन केला.

"तुमचं तं झालं म्याडम. बाकीच्या पोराइनं काय करावं आता?"