जालिंदरच्या खिळ्यावरचे पाइप

आमच्या चौसाळ्यात नवा टेम्पो आला की तो दोन ठिकाणी थांबतो. आधी खंडोबापुढे, नारळासाठी. मग हायवेच्या कडेला जालिंदर मिस्त्रीच्या शेडमध्ये, अख्खा दिवस. याला आमच्याकडे ‘गाडी पक्की करून घेणं’ म्हणतात. शोरूममधून कोरी करकरीत आलेली गाडी जालिंदर पुन्हा एकदा बांधतो. नट आवळतो, लोंबणारी वायर वर घेतो, आणि डिझेलचा पाइप जिथे चासीच्या कडेला घासतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेनं आवळतो. अकरा वर्षं तो हे करतो आहे. कंपनी आपल्याच देशातली, मोठी. तिनं या काळात तीन मॉडेलं काढली, पाइप मात्र तिथेच घासत राहिला.

जालिंदरचे वडील सहकारी साखर कारखान्याच्या गॅरेजमध्ये होते. पाऊस गेला, ऊस गेला, कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा वडिलांचे पाने घेऊन त्यानं ही शेड टाकली. शिक्षण सातवी, बोलणं कमी. आमच्या सहकारी दूध संघाचं कार्यालय त्याच्या शेजारीच आहे. मी तिथली सचिव, त्यामुळे त्याचं काम मला खुर्चीतूनच दिसतं.

माझी लेक पुण्याकडे त्याच कंपनीत इंजिनिअर आहे, गुणवत्ता विभागात. नोकरी कंत्राटी, दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. कंपनीचा खप घटला अशी बातमी आली की माझं जेवणावरचं मन उडतं. एकदा ती फोनवर म्हणाली, “आई, बीड जिल्ह्यातून दोन वर्षांत आमच्याकडे एकही तक्रार नाही. मग गाड्या का खपत नाहीत? आमचे साहेब म्हणतात, लोकांना बाहेरच्या कंपन्यांची हौस आहे.”

मी खिडकीतून बघितलं. जालिंदर एका नव्या टेम्पोखाली आडवा झाला होता. तेव्हा मला या दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत.

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. जनावरं चारा छावण्यांत गेली होती, आणि दूधही तिथूनच आणावं लागे, ढेकळांतल्या वाटेनं. एप्रिलमध्ये एका दुपारी संघाचा टेम्पो भरल्या कॅनसकट मांजरसुंब्याच्या अलीकडे बंद पडला. उन्हानं ट्यूबचा तुकडा तडकून गळून पडला होता, घासून पाइपला बारीक छिद्र पडलं आणि इंजिनानं एअर धरली, म्हणजे डिझेलऐवजी हवा ओढली. जालिंदर मोटरसायकलवर गेला, तासाभरात टेम्पो चालू केला. तोवर दूध नासलं.

दुसऱ्या दिवशी पारूबाई शेडपाशी आली. छावणीत तिच्या दोन म्हशी होत्या, तिचं घर त्यांच्यावरच चाललं होतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “गाडी चालू केलीस बाबा. दूध कोण चालू करील?”

जालिंदर हातातला पाना पुसत राहिला.

त्याच महिन्यात संघानं नवे टेम्पो घ्यायचं ठरवलं. एका परदेशी कंपनीचा माणूस आधीच येऊन गेला होता. आमचा ड्रायव्हर रामकिसन याच्याशेजारी तो दोन दिवस बसून फिरला. ‘समाधानी आहात का’ हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं, “गाडीला शिवी कुठे कुठे देता?” रामकिसननं मन मोकळं केलं. आपल्या कंपनीचा मात्र वर्षातून एकदा फोन यायचा, आणि आमचे अध्यक्ष भगवानराव प्रत्येक वेळी सांगायचे, “एक नंबर गाडी.” खोटं बोलावं असं त्यांच्या मनात नसे. परक्या माणसाला फोनवर कुरकूर काय सांगायची, आणि जालिंदरनं तर ते दुरुस्त केलेलंच असे.

बैठकीत भगवानराव म्हणाले, “आपलीच गाडी घ्यायची. बिघडली तर जालिंदर हाय. त्यांची बिघडली तर काहून बिघडली हे इचारायला बी औरंगाबादला जावं लागंल.”

जालिंदरला बोलावलं होतं. तो होकारार्थी मान डोलावणार असं सगळ्यांनी धरलं होतं. परदेशी टेम्पो आले की त्यांची दुरुस्ती कंपनीच्याच लोकांनी करायची. त्याच्या शेडचं निम्मं काम एका ठरावात जाणार होतं.

त्यानं तारेत ओवलेले पाइप टेबलावर ठेवले. एकवीस होते. शेडमधल्या खिळ्याला टांगलेले मी रोज बघत होते, भंगार समजून. प्रत्येक पाइपला छिद्र एकाच जागी.

“गाडी वाईट न्हाई, अध्यक्ष,” तो म्हणाला. “इंजन दणकट हाय. पर तिचं दुखणं आमी झाकत आलो. मी बांधून देतो म्हणून तुमी सांगत न्हाई. तुमी सांगत न्हाई म्हणून तिकडं कुणाला कळत न्हाई. ह्या साली तरी दुसरी घ्या.”

“अन् तू काय खाशील बे?” भगवानरावांनी विचारलं.

“ते बघतो मी. पारूबाईनं काय खायचं ते तुमी बघा.”

निघताना त्यानं एक पाइप माझ्यापुढे ठेवला. “ताई, लेकीला धाडा. म्हणावं, तक्रार हाय.”

तो पाइप माझ्या कपाटात आठ दिवस पडून होता. कंत्राटावरच्या मुलीनं साहेबापुढे फाटका पाइप ठेवायचा, आणि तोही आईनं पाठवलेला? शेवटी धीर करून पाठवला. साहेबांनी तिला विचारलं, “याची लेखी तक्रार कुठे आहे?” कागद नाही म्हणजे दोष नाही. मग मी संघाच्या लेटरहेडवर एकवीस पाइपांची हकीकत लिहिली. भगवानराव सही करताना पुटपुटले, “आपल्याच माणसांची चहाडी.”

संघानं परदेशी टेम्पो घेतले. जालिंदर बोअरच्या मोटारी खोलू लागला. शेडपुढची गर्दी ओसरली, आणि खिडकीतून बघताना मला त्याच्याबद्दल अपराधी वाटायचं.

दीड वर्षानं अर्जुनराव नावाच्या व्यापाऱ्यानं त्याच जुन्या कंपनीचा नवा टेम्पो आणला. नारळ फोडून शेडपुढे उभा केला. जालिंदर ट्यूबचा तुकडा आधीच कापून, हातात घेऊन खाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मी कार्यालयातून उठून तिथे गेले.

तो बाहेर आला तेव्हा तुकडा तसाच हातात होता. “पाइप चार बोटं आत घेतलाय,” तो मला म्हणाला. “क्लिप बी बसवलीय. मजबूत हाय.”

“म्हणजे पक्की केली न्हाईस?” अर्जुनराव म्हणाले.

“केलीय तिकडंच कुणीतरी.”

लेकीच्या कंत्राटाला तेव्हा आणखी एक वर्ष मिळालं होतं, एकच. चार बोटांनी पाइप सरकला म्हणून एवढी मोठी कंपनी सावरते असं नाही, हे मलाही कळतं. पण मला लगेच तिला फोन करावासा वाटला. मी वळले.

“ताई, थांबा,” जालिंदर मागून म्हणाला. त्यानं तो तुकडा खिळ्याला अडकवला. “वायर अजून लोंबतीय. तेवढं लिहून घ्या.”