चाचणी लवकर संपली, खर्च वाचला

मंडळी, सकाळच्या एका फोनपासून डोकं सुन्न झालंय.

मी सोलापुरात एका हॉस्पिटलमध्ये शुगरच्या नव्या औषधाच्या चाचणीचं काम बघते. या चाचणीत मधेच निकाल तपासून पुढचं ठरवायची सोय होती. आज कंपनीचा मेल आला: औषध गुणकारी ठरलं, चाचणी वर्षभर आधीच बंद, तेवढा खर्च वाचला. आम्ही पेढे वाटले!

त्याच आनंदात ही बातमी द्यायला मी सांगोल्याच्या हिराबाईंना फोन लावला. त्या पेशंट म्हणून पहिल्या दिवसापासून चाचणीत आहेत. म्हणाल्या, "लई बरं झालं की! मग म्होरल्या म्हैन्यात रक्त तपासायला कवा येऊ?"

तारीख बघायला मी वही उघडली आणि मग लक्षात आलं. वाचलेला खर्च म्हणजे हिराबाईंचीच फुकट तपासणी, त्यांच्याच फुकट गोळ्या; चाचणीबरोबर त्याही बंद. औषध बाजारात यायला तर अजून वेळ आहे.

पलीकडे त्या तारखेची वाट बघत होत्या. तुम्ही काय सांगितलं असतं?