पापडातलं सोडियम कार्बोनेट

जुनी मंगळवारी वस्तीतल्या त्या गल्लीत लग्न कुणाचंही असो, पापडाचं पीठ तिंबायचा मान मनकर्णाबाईंचा. उन्हाळा लागला की बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन लग्नघरी जमायच्या. पण उडदाच्या पिठाची परात आधी मनकर्णाबाईंपुढे सरकायची. पाण्यात पापडखार किती, मीठ किती, हे त्यांची चिमूट ठरवायची. नवरा गेला, मुलगा भिलाईला जाऊन तिकडचाच झाला, तरी ही परात होती. तेवढ्यावर त्या गल्लीत मान ताठ ठेवून चालायच्या.

त्या वर्षी इंदुताईंच्या लेकीचं, जयाचं लग्न ठरलं. बोलावणं करायला आलेल्या इंदुताई जाता जाता म्हणाल्या, "यंदा पीठ यमुताई तिंबन. तुम्ही आरामात लाटा."

यमुताई समोरच्या घरातली. पारशिवनीकडून सून होऊन आली तेव्हा तिला पोळीसुद्धा धड येत नव्हती. पापड तिला शिकवले ते मनकर्णाबाईंनीच. आणि आता म्हणे तिचे पापड तोंडात विरघळतात! मनकर्णाबाईंचा नुसता जळफळाट झाला. शिकवायचं आपण आणि कौतुक हिचं? समोरच्या गच्चीवर वाळत पडलेले पापड दिसू नयेत म्हणून त्यांनी भर उकाड्यात खिडकी लावून घेतली.

त्याच सुमारास भाचा रवींद्र भेटायला आला. तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. खाराची पुडी पाहून सहज म्हणाला, "मावशी, याले आमच्याकडे सोडियम कार्बोनेट म्हणतेत. बरण्या भरून ठेवल्या हायेत."

मनकर्णाबाईंनी ते नाव पुन्हा म्हणवून घेतलं, घोकलं आणि सकाळी नळावर नेलं.

"यमु पापडात सोडियम कार्बोनेट टाकते, मालूम हाय काय? कॉलेजात कुलपात ठेवतेत ते."

कुलूप तेवढं पदरचं. बाकी एक अक्षर खोटं नव्हतं. नुसतं पापडखार म्हणाल्या असत्या तर कुणी मान वळवली नसती. आता घागरी भरून वाहू लागल्या तरी बायका हलेनात. संध्याकाळपर्यंत त्याचं अॅसिड झालं होतं.

इंदुताई धावत आल्या. "पीठ तुम्हीच तिंबा बाप्पा. पण ते सोडियम नोका टाकू."

"मी काहून टाकीन?" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि तिथंच अडकल्या.

लग्नघरी सगळ्यांची नजर परातीवर. पुडी कमरेला खोचलेली, पण काढायची सोय नाही. त्यांनी खाराशिवायच पीठ तिंबलं. पहिला पापड उन्हात वाळल्यावर इंदुताईंनी निखाऱ्यावर धरला. तो फुलला नाही. दात लावून पाहिला तर चामडं.

"हात गेला वाटते तुमचा," इंदुताई हळूच म्हणाल्या.

हे मात्र मनकर्णाबाईंना सोसवेना. "हात नाही गेला वं! खार नाही त्यात!"

"मंग टाका ना. खार तं पाहिजेच."

मनकर्णाबाईंनी पुडी काढून परातीत आपटली. "हेच ते सोडियम कार्बोनेट!"

लाटणी थांबली. यमुताई कोपऱ्यात बसली होती. तिला आज कुणी लाटायला गोळाही दिला नव्हता. ती उठून आली, पुडी हुंगली.

"हा तं पापडखार हाय. तुम्हीच शिकवला मले टाकाले." मग तिनं पुडी मुठीत घट्ट धरली. "म्हणजे मी कोणाले जहर नाही चारलं ना वं बाई? डबाभर पापड उकिरड्यावर फेकले मी. लेकराच्या पोटाले हात लावून लावून पाहून राहिली होती."

कुणी मनकर्णाबाईंना एक शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं. इंदुताईंनी परात घासून आणली आणि यमुताईपुढे ठेवली.

नव्या पिठाचा पहिला पापड भाजून यमुताईनं मनकर्णाबाईंनाच दिला. "पाहा बरं, जमला काय?"

जमला होता. त्यांच्या पापडापेक्षा हलका, त्यांच्यापेक्षा खुसखुशीत. खरंच विरघळत होता मेला.

"मीठ जास्त झालं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

यमुताईनं लगेच मान डोलावली. पुढच्या पिठाच्या पाण्यासाठी मीठ घेतलं आणि त्यातलं चिमूटभर परत वाटीत टाकू लागली. मनकर्णाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे," त्या कशाबशा म्हणाल्या. "मीठ बरोबर हाय. मलेच खारट लागलं."