सगळ्या वायरींच्या वतीने

हिरव्या दिव्यावर माझा राग आहे. वायर खोचली, दिवा हिरवा झाला, की आमच्याकडे सगळं आलबेल. त्या वायरीतून काय जातंय, किती वेगाने जातंय, वाटेत किती सांडतंय, हे विचारणारा माणूस उगाच खुसपट काढणारा ठरतो. तो माणूस म्हणजे मी.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सांभाळते. प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत एका उंच कपाटात यंत्रं एकावर एक रचलेली आहेत आणि काचेच्या तारांच्या अतिशय वेगवान जाळ्याने ती एकमेकांना जोडलेली आहेत. सगळी मिळून एकच काम करतात, म्हणून त्यांना क्लस्टर म्हणायचं. आमच्याकडची एक संशोधक मुलगी त्यावर समुद्राच्या लाटांचा अंदाज काढायची. मुलगी नाटे गावची, घरात मासेमारी. मोठ्या बंदरांचे अंदाज काय, कुणीही देतं. हिचा प्रोग्राम बारक्या खाड्यांचेही द्यायचा. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, ओहोटीला तिथे वेडीवाकडी लाट उठते आणि परतणारी छोटी होडी घराच्या नजरेसमोर उलटते. तिच्या वडिलांची एकदा उलटली होती. ते पोहत आले. बरोबर असलेला तिचा चुलता आला नाही. तिने हा विषय का घेतला, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो आणि प्रोग्राम रडतखडत चालायला लागला. सकाळी मिळायचा तो अंदाज दुपार उलटली तरी येईना. होड्या परत आल्यावर अंदाज कळून उपयोग काय?

विभागप्रमुख सरांनी दुसऱ्याच दिवशी निदान करून टाकलं. "प्रोग्राम जड झालाय. बाईंनी त्यात फार खाड्या कोंबल्यात."

दसऱ्याआधी त्याच खाड्या होत्या आणि तोच प्रोग्राम होता, हे मी सांगितलं. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. लहान मुलाच्या बडबडीला हलवतात तशी.

आता या असल्या जाळ्याची दुखणी शोधायला साधनं असतात. त्यांना चित्र नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर नाव टाइप करायचं, एंटर दाबायचा आणि उत्तर वाचायचं. आयबीस्टॅट सांगतं, जोडणी जिवंत आहे का. आयबीलिंकइन्फो सांगतं, कुठली वायर कुठून कुठे गेलीय आणि काय वेगाने धावतेय. पर्फक्वेरी प्रत्येक जोडणीवर झालेल्या चुका मोजून ठेवतं. माझा या साधनांवर फार जीव आहे, कारण ती कुणाचं तोंड बघून बोलत नाहीत. मी जुने आकडे पुसून शून्यावर आणले, प्रोग्राम चालवला आणि पुन्हा बघितलं. सगळ्या वायरी स्वच्छ. एकीवर मात्र चुकांचा पाऊस. बाकीच्या वायरी चौपदरी रस्त्यासारख्या चार पट्ट्यांनी धावत होत्या आणि ही एका पट्टीवर लंगडत होती.

एक वायर लंगडली तर एवढं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण किनाऱ्याचा एकेक तुकडा एकेका यंत्राकडे असतो आणि प्रत्येक पावलाला शेजाऱ्याच्या लाटा विचारल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही. रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढताना एका बाजूची माणसं मागे राहिली, तर दुसऱ्या बाजूने कितीही जोर लावून चालत नाही, तसंच हे.

मी लॅपटॉप उचलून सरांच्या केबिनमध्ये नेला.

"हे काय?" सर म्हणाले.

"वायर खराब आहे सर. हे बघा, चुका वाढतायत."

"दिवा लागलाय ना पण?"

"दिवा लागलाय."

"हिरवा?"

"हिरवाच आहे सर. दिवा फक्त वायर जोडलेली आहे एवढंच सांगतो."

"मॅडम, हे तुमचं काळ्यावर पांढरं मी कुणाला दाखवणार? रंगीत आलेख वगैरे काही असेल तर बोला."

तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरने ताप सांगितला, तर तो रंगीत करून मागतात का हे लोक? तरी मी एवढंच म्हटलं की मला ती वायर काढून बघू द्या. तर म्हणे, हात लावायचा नाही. वॉरंटी जाईल. कंपनीचा माणूस पुण्याहून येईल, तोच काढेल. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, बंद करून चालू करा. केलं. काही फरक नाही. मग म्हणाला, घाट उतरून यायचं म्हणजे बघावं लागेल. तो बघतच राहिला.

इकडे मुंबईहून प्रोग्रामला मंजुरी देणारे पाहुणे येणार, त्यांना अंदाज चालवून दाखवायचा, अशी घाई सुटली. सरांनी मुलीला बोलावलं आणि बारक्या खाड्या काढून टाकायला सांगितल्या. मिरकरवाडा ठेवा, जयगड ठेवा, पाहुण्यांना तेवढी मोठी बंदरं पुरे. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. मी तिला म्हटलं, थोडं थांब, काढू नकोस. ती म्हणाली, "ताई, दरवर्षी माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीवर सरांची सही लागते." तिने खाड्या काढल्या. आपल्या नाट्याची खाडी सर्वात शेवटी काढली.

पाहुणे आले, अंदाज वेळेत निघाला, टाळ्या झाल्या, मोबाईलवर सगळ्यांना तो खुला करून दिला. वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला.

त्यानंतर एका दुपारी मी वॉरंटी गेली खड्ड्यात म्हटलं आणि सरांना खोलीत बोलावून त्यांच्यासमोर ती वायर ओढून काढली. काचेच्या तारेचं टोक डोळ्यांनी बघून काही कळत नाही, इतकी धूळ बारीक असते. इथे भिंग लागलंच नाही. टोक लाल होतं. चांगलं लालभडक, आणि कडेला थोडं पिवळं.

मला वाटलं, सर चपापतील. सर प्रसन्न हसले.

"अहो, ते माझंच कुंकू. दसऱ्याला मशीनची पूजा केली ना. म्हटलं, नुसतं कपाटाला लावून काय उपयोग, खरं काम तर वायरी करतात. आता एवढ्या सगळ्या वायरींना कुठे लावत बसणार? म्हणून एकीला काढून हळद-कुंकू लावलं, सगळ्यांच्या वतीने. आणि परत नीट खोचली हां. दिवा बघितला मी. हिरवा होता."

माझं पूजेशी वाकडं नाही. मी स्वतः दसऱ्याला कीबोर्डवर आपट्याचं पान आणि झेंडूचं फूल ठेवते. पण मला वॉरंटी शिकवणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी वायर उपसून तिच्या डोळ्यात कुंकू भरावं, आणि त्याचं खापर एका पोरीच्या माथी फोडावं, याला मी काय म्हणू? आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता. आपलं काही चुकलं हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी टोक पुसलं, वायर खोचली, आकडे पुन्हा शून्यावर आणले. प्रोग्राम पूर्वीसारखा धावला. चुकांचा रकाना कोराच राहिला.

मुलगी लगेच सरांकडे गेली. आता खाड्या परत घालू का, म्हणून विचारायला. मी दारात उभी होते.

"कशाला?" सर म्हणाले. "छान चाललंय. पाहुण्यांनी हाच प्रोग्राम मंजूर केलाय. परत जड झाला तर? पुढच्या वर्षी बघू."

"सर, जड नव्हताच तो," मी दारातून म्हटलं.

"मॅडम, तुमची वायर दुरुस्त झाली ना? मग झालं."

तुमची वायर. मी त्या दिवशी कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या वर्गातले लोक बघायला आले.

दोन-तीन दिवसांनी आम्ही डबा खात बसलो होतो, तेव्हा तिच्या वडिलांचा फोन आला. हात भाजीचे होते म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"बाय, त्या मोबाईलवर आपली खाडी दिसत नाय. मिरकरवाडा दिसतो, आपली नाय."

"काढली बाबा ती."

"का गो? काय झाला?"

"माझा प्रोग्राम जड झालेला. मशीनला झेपत नव्हता."

मग ते म्हणाले, "बरा. ऱ्हाव दे. तू जेवलीस काय?"

फोन ठेवल्यावर मी तिच्यावरच भडकले. म्हटलं, खोटं का सांगितलंस? तुझा प्रोग्राम जड नव्हता, हे तुला पक्कं माहीत आहे. बापाला तरी खरं सांगायचंस.

तिने डब्याचं झाकण लावलं. "काय सांगू ताई? एका वायरीला कुंकू लावलं, म्हणून तुमच्या खाडीची लाट मोजायची राहिली, असं सांगू? आणि ते ऐकून उद्या बाबा होडी पाण्यात घालायचे थांबणार आहेत का?"